अमेरिकेतला आरोग्यविमा, सरकारी सुधारणा आणि त्यावरचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळ भांडण नेमकं कशावरून आहे?

वरवर पाहिलं तर आरोग्यसेवेत सरकार असावं की नसावं, असा हा वाद वाटतो. पण सरकार तिथे केव्हाच आहे. 2023 मध्ये अमेरिकेत आरोग्यावर 4.9 लाख कोटी डॉलर खर्च झाले, म्हणजे माणशी 14,570 डॉलर आणि देशाच्या उत्पन्नाच्या 17.6 टक्के. यातला जवळपास निम्मा भार केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांनीच उचलला. तंटा आहे तो या पैशाचं छत्र कोणावर धरायचं, कोणत्या अटींवर, आणि वर्गणी कोणाकडून घ्यायची यावर. टीव्हीवरच्या चर्चेत 'समाजवाद' आणि 'स्वातंत्र्य' हे शब्द गाजतात. पण एखाद्याला विमा मिळणार की नाही, हे ठरतं पात्रतेच्या कलमांवर. म्हणून इथली बरीच उत्तरं त्या कलमांविषयी आहेत.

विमा नोकरीला का बांधलेला आहे?

दुसऱ्या महायुद्धामुळे. 1942 मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली. कामगार तर हवेच होते, म्हणून कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या, कारण विम्याला त्या बंदीतून सूट होती. 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त केला आणि ही तात्पुरती सोय कायमची झाली. 2024 मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 25,572 डॉलर होता. त्यातले 6,296 कामगाराच्या पगारातून जात होते, उरलेले मालक भरत होता. मालकाचा वाटा पगारपत्रकावर ठळक दिसत नाही, त्यामुळे आपला विमा स्वस्त आहे असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. सुधारणेला सर्वांत मोठा विरोध इथूनच येतो. ज्याला विमा आहे त्याला तो जाण्याची भीती वाटते. ज्याला नाही, त्याचा आवाज कमी पडतो.

मेडिकेअर आणि मेडिकेड यांत फरक काय?

दोन्ही योजनांवर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 30 जुलै 1965 रोजी सही केली. मेडिकेअर 65 वर्षांवरच्यांसाठी आणि काही अपंग व्यक्तींसाठी, पूर्णपणे केंद्राची. मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांसाठी. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात आणि बरेचसे नियम राज्य ठरवतं. दोन्हींत दवाखाना सरकारचा नसतो. आपल्याकडच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारखं उपचार बहुतेक खासगी रुग्णालयात होतात आणि पैसे योजना देते. स्वतःची रुग्णालयं सरकार चालवतं ती मुख्यतः माजी सैनिकांसाठी.

ओबामाकेअरने नेमकं काय बदललं?

ओबामाकेअर म्हणजे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळातला आरोग्यविमा सुधारणेचा कायदा. 23 मार्च 2010 रोजी तो झाला आणि मुख्य तरतुदी 1 जानेवारी 2014 पासून लागू झाल्या. त्याआधी स्वतः विमा घ्यायला गेलेल्या माणसाला मधुमेह किंवा जुना कर्करोग असला, तर बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नकार देऊ शकत होती. कायद्याने ते बंद केलं. आजारावरून हप्ता वाढवता येत नाही आणि वयावरून तिपटीपेक्षा जास्त फरक ठेवता येत नाही. मुलांना 26 व्या वाढदिवसापर्यंत पालकांच्या विम्यात राहता येतं. कंपनीने हप्त्यांतले किमान 80 टक्के, मोठ्या गटांच्या विम्यात 85 टक्के, उपचारांवर आणि सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च करायचे. कमी केले तर फरक परत द्यायचा.

आता यातली गोम अशी. कोणालाही नाकारायचं नाही असा नियम एकटाच आणला, तर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतात, हप्ते भडकतात, निरोगी माणसं बाहेर पडतात आणि हप्ते आणखी चढतात. म्हणून प्रत्येकाने विमा घेण्याची सक्ती आणली, नाहीतर दंड. सक्ती केली म्हणून ज्यांना परवडत नाही त्यांना अनुदान आणलं. तिन्ही गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या आहेत. 'आजाराचं संरक्षण ठेवतो, बाकीचं काढतो' असं कोणी म्हटलं, तर निरोगी माणूस विम्यात कशासाठी थांबेल, हे त्याला विचारा.

2009 च्या उन्हाळ्यात एवढा गदारोळ कशाने झाला?

ऑगस्टमध्ये खासदार मतदारसंघात गेले आणि सभांत लोक त्यांच्यावर तुटून पडले. सगळ्यांत गाजला 'डेथ पॅनेल'चा आरोप: सरकारी मंडळ म्हाताऱ्यांच्या उपचारांचा निवाडा करणार. मसुद्यात होतं ते इतकंच की, आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत यावर रुग्णाला डॉक्टरशी स्वेच्छेने बोलायचं असेल, तर त्या वेळेची फी मेडिकेअर देईल. भीतीपोटी ते कलम अंतिम कायद्यातून वगळलं गेलं. पुढे 2016 पासून मेडिकेअर अशा सल्ल्याची फी देऊ लागलं आणि कोणी मोर्चा काढला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील', असं ओबामांनी वारंवार सांगितलं. नव्या निकषांत न बसणाऱ्या जुन्या पॉलिस्या 2013 च्या अखेरीस बंद झाल्या आणि लाखो घरांत तशी पत्रं गेली. त्याच सुमारास, 1 ऑक्टोबरला, नवा विमा घेण्याचं सरकारी संकेतस्थळ (विम्याचा सरकारी बाजार, म्हणजे 'मार्केटप्लेस') सुरू झालं आणि कोलमडलं. पहिल्या दिवशी त्यावर अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. विरोधकांच्या अविश्वासाला हे खाद्य सरकारनेच पुरवलं.

बहुमत असूनही कायदा एवढा गुंतागुंतीचा का झाला?

सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला 100 पैकी 60 मतं लागतात. 24 डिसेंबर 2009 रोजी विधेयक 60 विरुद्ध 39 असं पास झालं, म्हणजे ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूचं एकही मत गळून चालणार नव्हतं. त्यामुळे प्रत्येक सिनेटरच्या हाती नकाराधिकार आला. खासगी कंपन्यांशी स्पर्धा करणारा सरकारी विमा सिनेटर जोसेफ लिबरमन यांच्या विरोधामुळे गळाला. जानेवारी 2010 मध्ये एडवर्ड केनेडी यांच्या निधनाने रिकामी झालेली मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकनांनी जिंकली आणि साठावं मत गेलं. मग प्रतिनिधिगृहाने सिनेटचाच मसुदा 219 विरुद्ध 212 मतांनी जसाच्या तसा स्वीकारला आणि दुरुस्त्या साध्या बहुमताच्या अर्थसंकल्पी मार्गाने केल्या. एरवी दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवताना होणारी साफसफाई राहून गेली. अंतिम कायद्याला एकाही रिपब्लिकनचं मत मिळालं नाही.

काही राज्यांत सर्वांत गरिबालाच मदत मिळत नाही, हे खरं का?

खरं आहे, आणि आमच्या मते या कायद्याच्या वाटचालीतला हा सर्वांत अन्यायकारक भाग आहे. मूळ योजना अशी: दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेड, आणि त्यावरच्यांना अनुदानित खासगी विमा. सगळी राज्यं मेडिकेड वाढवणारच, असं गृहीत धरून अनुदानाची पात्रता 100 टक्क्यांपासून सुरू केली. जून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्ती 5 विरुद्ध 4 मतांनी कर म्हणून वाचवली, पण मेडिकेडचा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक केला.

परिणाम पाहा. 2026 च्या विम्यासाठी एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा 15,650 डॉलर धरली आहे. डॅलसमध्ये हॉटेलात भांडी घासणाऱ्या, मुलंबाळं नसलेल्या माणसाने वर्षाला 16,000 कमावले, तर त्याला भरघोस अनुदान. 14,000 कमावले, तर काहीच नाही, कारण अनुदानाला तो फार गरीब आणि टेक्सासचं मेडिकेड मुलं नसलेल्या धडधाकट प्रौढाला घेतच नाही. वाढीव मेडिकेडचा 90 टक्के खर्च केंद्र देतं, तरी टेक्सास आणि फ्लोरिडा धरून 10 राज्यांनी विस्तार स्वीकारलेला नाही. उद्या केंद्राने हात आखडता घेतला तर बोजा आपल्यावर पडेल, असं त्या राज्यांचं म्हणणं आहे.

रिपब्लिकनांनी हा कायदा रद्द का केला नाही?

2017 मध्ये प्रयत्न झाला. प्रतिनिधिगृहात तो 217 विरुद्ध 213 ने पास झाला. सिनेटमध्ये 28 जुलैच्या पहाटे 49 विरुद्ध 51 असा पडला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला ते हेच मतदान. त्याच वर्षीच्या करकायद्याने विमा न घेणाऱ्याचा दंड 2019 पासून शून्यावर आणला. सक्ती गेल्यावर डोलारा कोसळेल असं अनेकांना वाटलं होतं. तो टिकला, कारण हप्ता वाढला की अनुदानही वाढतं. कमी उत्पन्नाच्या ग्राहकाला वाढ जाणवतच नाही. फटका बसतो तो अनुदान न मिळणाऱ्या मध्यमवर्गाला.

2026 मध्ये हप्ते अचानक का वाढले?

2021 मध्ये कोविडकाळात अनुदान वाढवलं गेलं. त्यानुसार कितीही उत्पन्न असलं, तरी सिल्व्हर (मधल्या) पातळीच्या आधारभूत योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या 8.5 टक्क्यांवर जात नव्हता. ही मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली. ती वाढवावी की नाही यावरूनच 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. मुदत वाढली नाही, आणि दारिद्र्यरेषेच्या 400 टक्क्यांवरचा जुना कडा परत आला, म्हणजे त्यापुढे उत्पन्न गेलं की अनुदान एकदम बंद.

साठीच्या एका जोडप्याचं उदाहरण घ्या. दोघांसाठी 400 टक्के म्हणजे 84,600 डॉलर. उत्पन्न 84,000 असेल तर आधारभूत योजनेसाठी त्यांना फार तर 9.96 टक्के, म्हणजे सुमारे 8,370 डॉलर भरावे लागतात. उत्पन्न 85,000 झालं की अनुदान शून्य आणि साठीच्या वयाचा पुरा हप्ता खिशातून. 2025 च्या नियमाने याच जोडप्याची मर्यादा 7,225 डॉलर होती. हजार डॉलरच्या कमाईवर एवढी मोठी शिक्षा, हा रचनेतला दोष आहे. अनुदान उतरत्या प्रमाणात कमी होत जायला हवं.

यात चूक होते ती उत्पन्नाच्या अंदाजात. अनुदान आगाऊ मिळतं आणि हिशेब पुढच्या वर्षी कर भरताना होतो. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांकडून परतफेडीला कमाल मर्यादा होती. 2026 च्या करवर्षापासून ती काढून टाकली आहे. डिसेंबरमध्ये शेअर विकले, बोनस आला आणि कडा ओलांडला, तर वर्षभराचं अनुदान परत करावं लागतं. पात्र असाल तर पारंपरिक आयआरए (निवृत्तीचं बचत खातं) किंवा आरोग्य बचत खात्यात पैसे टाकल्याने या हिशेबातलं उत्पन्न कमी होतं. 2026 पासून मार्केटप्लेसवरच्या ब्राँझ योजनांबरोबरही बचत खातं उघडता येतं. उत्पन्न बदललं की मार्केटप्लेसवर लगेच कळवा, कर भरायची वाट पाहू नका.

मेडिकेडसाठी 80 तास कामाची अट काय आहे?

4 जुलै 2025 च्या कायद्याने विस्तारित मेडिकेडमधल्या 19 ते 64 वयाच्या प्रौढांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागणार आहे. राज्यांना हे 1 जानेवारी 2027 पर्यंत लागू करायचं आहे. लहान मुलांचे पालक, गरोदर स्त्रिया, गंभीर आजारी यांना सूट आहे. समर्थक म्हणतात, धडधाकट माणसाने काम करावं यात गैर काय?

अडचण कामाची नाही, पुराव्याची आहे. आर्कान्सासने 2018 मध्ये हीच अट लावली आणि न्यायालयाने थांबवेपर्यंत, काही महिन्यांतच, 18,000 हून अधिक लोक बाहेर पडले. सुरुवातीला तास ऑनलाइनच नोंदवायचे होते आणि ते संकेतस्थळ रात्री 9 ते सकाळी 7 बंद असायचं. दिवसभर राबणारा माणूस संगणकासमोर बसणार तो नेमका त्याच वेळी. काम करणारे आणि सूट असणारेही कागदात हरले. आपल्या राज्यात अट लागू झाली की पगाराच्या पावत्या आणि वेळापत्रकं महिन्याच्या महिन्याला जपून ठेवा, सूट असेल तर डॉक्टरचं पत्र आधीच घ्या.

सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा का आणत नाहीत?

सिनेटर बर्नी सँडर्स यांची 'मेडिकेअर फॉर ऑल' हीच मागणी आहे: हप्ता नाही, दवाखान्यात पैसे नाहीत, सगळं करातून. बाजूने युक्तिवाद असा की शेकडो विमा कंपन्यांशी हिशेब करण्याचा कारकुनी खर्च वाचेल आणि दर ठरवण्याची ताकद एका हाती येईल. विरोधात असा की कर वाढेल, मेडिकेअरच्या दरात रुग्णालयं तग धरणार नाहीत, आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्या कोट्यवधी लोकांना बदल स्वीकारावा लागेल.

यासाठी व्हर्मॉन्टचा अनुभव पाहावा. सँडर्स यांचंच हे छोटं राज्य. 2011 मध्ये तिथे अशा योजनेचा कायदा झाला. डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर पीटर शुम्लिन यांनी आकडे मांडले: मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के कर आणि व्यक्तींवर उत्पन्नाच्या 9.5 टक्क्यांपर्यंत कर. आणि त्यांनी स्वतःच योजना मागे घेतली. लोक आजही हप्त्यांतून आणि कमी पगारातून मोठी रक्कम भरतच असतात, पण ती विखुरलेली आणि अदृश्य असते; करात ती एका ओळीत दिसते. शिवाय केंद्राचा मेडिकेअरचा पैसा आणि मालकांच्या विम्यावरची करसवलत राज्याला आपल्या मर्जीने वळवता येत नाही. म्हणून एकट्या राज्याने हे करणं फार अवघड आहे.

औषधांच्या किमतींचं काय?

2003 च्या कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भाव करायला मनाई केली होती. 2022 मध्ये ती अंशतः उठली. ठरवून घेतलेले भाव पहिल्या 10 औषधांना 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. मेडिकेअरमध्ये इन्सुलिनला महिन्याला 35 डॉलरची मर्यादा 2023 पासून आहे.

एच-1बी (नोकरीच्या व्हिसा) वर असताना नोकरी गेली तर विम्याचं काय?

जुना विमा 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली साधारणपणे 18 महिने चालू ठेवता येतो (20 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत). पण मालकाचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर 2 टक्के. निवड करायला 60 दिवस असतात आणि ती मागील तारखेपासून लागू होते. म्हणजे त्या काळात कोणी आजारी पडलं, तर मुदतीत अर्ज करून आणि मागचे हप्ते भरून संरक्षण मिळवता येतं. मार्केटप्लेसवरही विमा गेल्यापासून 60 दिवसांची खास नोंदणी असते, पण ती मागील तारखेपासून मिळत नाही.

1 जानेवारी 2027 पासून मार्केटप्लेसचं अनुदान नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि काही मोजके गट यांच्यापुरतंच राहील. एच-1बी, एच-4 (त्यांचे जोडीदार आणि मुलं) आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांना पूर्ण हप्त्याने विमा घेता येईल, अनुदान नाही. पगारातून 1.45 टक्के मेडिकेअर कर मात्र एच-1बीवाल्यांचाही कापला जातो.

आईवडिलांना ग्रीनकार्डवर आणलं आहे. त्यांना काय मिळेल?

हा प्रश्न मराठी घरांतून सर्वाधिक येतो आणि याच बाबतीत नियम नुकतेच बदलले आहेत.

पहिली पाच वर्षं केंद्राचं मेडिकेड बहुधा नाही. काही राज्यं स्वतःच्या पैशातून मदत करतात, आपल्या राज्याचा नियम पाहा. मेडिकेअर विकत घ्यायलाही 65 वर्षं वय आणि अर्जाआधी सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य लागतं. लांबलेल्या भारतवारीमुळे त्या सलगतेवर प्रश्न येऊ शकतो. मधल्या काळात मार्केटप्लेसचा विमा घेता येतो. पूर्वी उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी अशा नव्या ग्रीनकार्डधारकांना अनुदान मिळायचं. 1 जानेवारी 2026 पासून ते बंद झालं. आता दोघांचं मिळून किमान 21,150 डॉलर उत्पन्न दाखवता यायला हवं. भारतातलं पेन्शन, घरभाडं, ठेवींचं व्याज हे सगळं त्यात धरलं जातं, आणि अमेरिकेत जाहीरही करावं लागतं. तुम्ही त्यांना तुमच्या करपत्रकात अवलंबून दाखवलंत, तर हिशेब तुमच्या कुटुंबाच्या उत्पन्नावर होतो.

पाच वर्षं पूर्ण होण्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन ही मेडिकेअर नोंदणीची खिडकी. 2025 चे दर: रुग्णालयाच्या 'ए' भागाला महिन्याला 518 डॉलर, डॉक्टरांच्या 'बी' भागाला 185, प्रत्येकी. नोंदणी चुकली तर 'बी' भागाच्या हप्त्यावर दर पूर्ण 12 महिन्यांच्या उशिरासाठी 10 टक्के दंड, तोही कायमचा. मेडिकेअर भारतात चालत नाही, म्हणून वर्षातले काही महिने पुण्या-नाशिकला काढणाऱ्यांनी तिथली पॉलिसी सोडू नये.

विमा असूनही बिल हजारोंत का येतं, आणि काय करायचं?

समजा, शस्त्रक्रियेचं बिल 40,000 डॉलर आणि विमा कंपनीने ठरवलेला दर 18,000. तुमचं डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) 3,000 आणि पुढे 20 टक्के तुमचे. तर 3,000 अधिक उरलेल्या 15,000 चे 20 टक्के, एकूण 6,000 तुम्ही भरायचे. नेटवर्कमधल्या (विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांतल्या आणि डॉक्टरांकडच्या) उपचारांसाठी वर्षभराची कमाल मर्यादा 2025 मध्ये एका व्यक्तीला 9,200 डॉलर होती. नेटवर्कबाहेर गेलात तर ही मर्यादा लागू नाही.

विमा कंपनीचं हिशेबपत्र आल्याशिवाय रुग्णालयाला पैसे देऊ नका. मग बाबनिहाय बिल मागा आणि दोन्ही कागद ओळीने ताडून पाहा. तीच तपासणी दोनदा लावणं ही नेहमीची चूक. 2022 पासून तातडीच्या उपचारांत, किंवा नेटवर्कमधल्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाल्यास, जादा बिल लावता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र या संरक्षणात नाही. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीची लेखी योजना ठेवावीच लागते. पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि आधी थोडं भरलं असलं तरी करता येतो.

क्लेम नाकारला तर नकाराचं कारण लेखी घ्या आणि 180 दिवसांत अंतर्गत अपील करा, सोबत डॉक्टरचं वैद्यकीय गरजेचं पत्र जोडा. प्रकृती नाजूक असेल तर तातडीचं अपील मागा. त्याचा निर्णय 72 तासांत द्यावा लागतो. तिथेही नकार आला आणि कारण वैद्यकीय असलं, तर चार महिन्यांत बाह्य परीक्षण मागता येतं. त्याचा निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो.